हॅडिक्सवर कसला आलाय अन्याय?

काटेकोर_काका
परवा इथे कुणीतरी अमेरिकन बेसबॉलमधल्या हार्वी हॅडिक्ससाठी गळा काढला. म्हणे '१२ इनिंग्ज परफेक्ट टाकल्या आणि १९९१ साली बाबू लोकांनी नोंदच पुसली!' डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. २६ मे १९५९, मिलवॉकी. पायरेट्स संघाच्या या डावखुऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) ब्रेव्ह्ज संघाचे ओळीने ३६ बॅटर परत पाठवले, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही; परफेक्ट म्हणतात ते हेच. मान्य. पण तेराव्यात काय झालं? पायरेट्सच्या थर्ड बेसवरच्या होकचा थ्रो चुकला, ब्रेव्ह्जचा मँटिया बेसवर पोचला. मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच थोपवून, त्याला पुढे सरकवलं, ॲरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं, आणि ॲडकॉकने चेंडू कुंपणापार टोलवला. सामना १-० ने गेला. बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट, त्यांच्या समितीने १९९१ साली नो-हिटरची व्याख्या केली ती इतकीच: किमान नऊ इनिंग्ज, आणि सामना संपेपर्यंत एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही. त्यात ५० सामने नो-हिटरच्या यादीतून गेले, एकट्या हॅडिक्सचा नव्हे. आणि पुसलंय कुठे? स्कोअरकार्ड जागेवर आहे.

न्यूजर्सीचा_नाना
वा काका! लार्सनने १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, नऊ इनिंग्जमध्ये ओळीने २७ जण काढले तर तो देव, आणि ३६ काढणारा यादीतही नाही? पायरेट्सनी ब्रेव्ह्जच्या पिचरला, बर्डेटला, १२ हिट मारल्या आणि रन किती? शून्य. सोबत्यांच्या कर्माची फळं याने भोगायची.

काटेकोर_काका
म्हणजे अन्याय पायरेट्सच्या बॅटरनी केला, समितीने नाही. आभारी आहे, माझाच मुद्दा मांडलात.

कोल्हापुरी_ठसका
अमेरिकेचं काय घेऊन बसलाय? आमचे भाऊसाहेब निंबाळकर विसरलात? डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचे ४५२ गाठायला नऊ धावा हव्या होत्या आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासकट निघून गेले! आमचे आजोबा तेव्हा पुण्यात नोकरीला. साहेबाला पोटदुखी सांगून मैदानावर पोचले, तर माळी रोलर ओढतोय. मरेपर्यंत ठाकोरसाहेबांचं नाव निघालं की चहाची बशी खाली ठेवायचे. याला म्हणतात अन्याय.

न्यूजर्सीचा_नाना
४ बाद ८२६ झाल्यावर त्या बिचाऱ्यांनी काय करायचं होतं? निंबाळकरांची आरती ओवाळायची?

कोल्हापुरी_ठसका
दोन ओव्हर टाकायच्या होत्या! तिकडं बसून बर्फ उपसा, आमच्या माणसावर बोलू नका. कसोटीसुद्धा खेळू दिली नाही त्यांना.

न्यूजर्सीचा_नाना
त्यात बर्फ कुठून आला? आणि विक्रम तसाही टिकला नसता. जानेवारी १९५९, कराची, पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदचे ४९९. बोर्डावर ४९६ दिसत होते, खरे होते ४९८. गडी पाचशेसाठी पळाला आणि रनआउट. तिथे दोष बोर्डवाल्याचा.

शाईपेन
बोर्डवाल्यावर आलात म्हणून बोलते. मी आठ वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धांचा स्कोअर लिहिलाय. एका पोराच्या ९८ धावा झाल्या होत्या, शेवटच्या चेंडूवर दोन पळून काढल्या. सगळ्यांनी शतक म्हणून टाळ्या वाजवल्या. मी पेन्सिल टेकवली तेवढ्यात अंपायरने गुडघ्यावर हात मारला. लेगबाय. सामना संपल्यावर पोराची आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही, फक्त वहीकडे बघत होती.
आता काका, तुमच्याकडे वळते. बेसवर दोघे, ॲडकॉकचा चेंडू कुंपणापार, म्हणजे तिघेही होम बेसला, तरी स्कोअर १-०? ३-० का नाही?

कोल्हापुरी_ठसका
ताई, लेगबाय नव्हतीच ती, मी सांगतो.

काटेकोर_काका
पकडलंत. ॲरनला वाटलं मँटिया घरी पोचला, खेळ संपला. तो मधूनच डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकांकडे, वळला. मागून ॲडकॉक त्याच्या पुढे गेला, ते नियमात बसत नाही, म्हणून होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि एकच रन धरला.

शाईपेन
म्हणजे ॲडकॉकच्या नावावर सगळ्यांना डोळ्यांनी दिसलेला होमरनही नाही. त्याच्यासाठी कुणी का रडत नाही?

न्यूजर्सीचा_नाना
कारण तो जिंकला, ताई! हॅडिक्स निदान शहाणा निघाला. यादीतून काढल्यावर म्हणाला, ठीक आहे, मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

काटेकोर_काका
बघा. ज्याचं गेलं तो गप्प, आणि इथे तुमची छाती फुटतेय. बरं, घ्या: यादीखाली बारीक अक्षरात एक तळटीप हवी होती. एवढंच देतो.

न्यूजर्सीचा_नाना
केवढे उपकार! सही करून द्या.

कोल्हापुरी_ठसका
तळटीप नंतर. ते ठाकोरसाहेब निघून गेले त्याचं आधी बोला.