मुलीच्या दातांना तारा आणि ब्लीचिंग: अमळनेरात की धुळे-जळगावला?

अमळनेरकर:
माझी मुलगी चौदा वर्षांची असून तिचे वरचे दोन्ही सुळे पुढे आलेले आहेत. गावातील डॉक्टरांनी तारा बसवण्यास सांगितले असून त्यासाठी चार दाढा काढाव्या लागतील, असेही सुचवले आहे. किडलेल्या नसलेल्या दाढा काढणे मनाला पटत नाही. समोरच्या दातांवर पिवळसर डागही आहेत. ते आधी ब्लीचिंगने घालवावेत, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. उपचार कोठे घ्यावेत आणि डॉक्टरांची पात्रता कशी पाहावी?

दंतवैद्य, धुळे:
सफाई, दात भरणे, रूट कॅनॉल यांसाठी बीडीएस (दंतवैद्यकाची मूळ पदवी) असलेले डॉक्टर पुरेसे असतात. तारांसाठी मात्र ऑर्थोडॉन्टिक्स (वेडेवाकडे दात सरळ करणे) या विषयात आणखी तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण केलेले डॉक्टर शोधावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या दवाखान्यांत असे तज्ज्ञ अनेकदा ठरावीक वारी येतात, म्हणून प्रत्यक्ष तारा कोण बसवणार आणि पुढे दर वेळी कोण तपासणार, हे आधी विचारावे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. दुसरे मत हवे असल्यास धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयात दाखवता येईल.

सुळ्यामागची छोटी दाढ काढतात ती जबड्यात जागा करण्यासाठी. पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे आणि दातांचे साचे यांवरून किती मिलिमीटर जागा कमी पडते, हे डॉक्टर दाखवू शकतात. ते पाहिल्याशिवाय दाढ काढण्यास होकार देऊ नये.

ब्लीचिंग आता नको. त्यातील पेरॉक्साइड या रसायनामुळे ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) चिकटवण्याची पकड काही दिवस कमी राहते. आणि तारा असताना केले, तर ब्रॅकेटखालचा चौकोन वेगळ्या रंगाचा राहतो. अठरा वर्षांखालील मुलांना आम्ही ते सहसा सुचवत नाही. आधी सफाई करून घ्यावी, कारण वरवर बसलेले डाग तेवढ्यानेही निघतात. मुलीने लहानपणी बोअरचे पाणी प्यायले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास दात घडतानाच त्यांवर डाग पडतात आणि ते नुसत्या ब्लीचिंगने पूर्ण जात नाहीत.

तापीकाठ, चोपडा:
आमच्या मुलाच्या अनुभवावरून एवढे सांगतो की, दर चार ते सहा आठवड्यांनी दीड-दोन वर्षे जावे लागते, त्यामुळे शाळा सांभाळून पोहोचता येईल असाच दवाखाना निवडावा. ऊस दाताने सोलणे, बिबड्या आणि भाजलेले हरभरे आमच्या घरी पूर्ण बंद होते, तरीही एक ब्रॅकेट निघालाच. ब्रॅकेटभोवती ब्रश नीट फिरला नाही, तर तारा काढल्यावर पांढरे चट्टे दिसतात. रात्रीचे ब्रशिंग आम्ही स्वतः उभे राहून करून घेत असू.

अमळनेरकर:
दोघांचे मनापासून आभार. आधी सफाई करून एक्स-रे काढतो आणि ते घेऊन धुळ्याला जातो. खर्चाविषयी काय विचारावे?

दंतवैद्य, धुळे:
एक्स-रे, तुटलेले ब्रॅकेट आणि शेवटी लागणारा रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) एकूण रकमेत धरले आहेत का, हे लेखी घ्यावे. रिटेनर वापरला नाही, तर सरळ झालेले दात पुन्हा सरकू लागतात.