मदत हवी आहे : आमचे चालू ग्राहक नेमके किती, आणि ते ठरवायचं कोणी?

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

मध्यम आकाराची कंपनी. मी एमआयएसला, म्हणजे सगळ्या विभागांचे आकडे गोळा करून वर पाठवणारा. तीन महिन्यांपूर्वी आढावा बैठकीत एमडींनी साधा प्रश्न विचारला : चालू ग्राहक किती? विक्रीच्या स्लाइडवर ४,८१२. वित्त विभागाच्या स्लाइडवर ३,९६०. सर्व्हिसच्या स्लाइडवर ६,२१५. त्यांनी तिन्ही स्लाइड शेजारीशेजारी लावायला सांगितल्या. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, कारण तिन्ही आकडे माझ्याच फायलीतून गेले होते.

नंतर खोदून पाहिलं तर चूक कोणाचीच नव्हती, हीच पंचाईत. विक्रीच्या लेखी ज्याने गेल्या दोन वर्षांत ऑर्डर दिली तो ग्राहक. वित्त विभागाच्या लेखी ज्याच्या नावे या वर्षी बिल निघालं तो. सर्व्हिसवाल्यांना ज्याच्याकडे आपलं मशीन चालू आहे तो ग्राहक, मग ते त्याने दुसऱ्या कोणाकडून जुनं का घेतलेलं असेना. त्यात एकाच ग्राहकाच्या चार जागा असल्या तर विक्री त्याला एकदा मोजते आणि सर्व्हिस चारदा.

यातून ‘सर्व विभागांत डेटा गव्हर्नन्स राबवा’ (म्हणजे कुठल्या डेटाचा अर्थ कोण ठरवणार आणि त्याला जबाबदार कोण, याची घडी बसवा) असा आदेश निघाला आणि माळ माझ्या गळ्यात पडली. आतापर्यंत झालेलं असं :

विभागप्रमुखांची समिती झाली, दोन बैठका झाल्या. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी एक तक्ता फिरवला : ४१ महत्त्वाच्या डेटा बाबी, पुढे ‘मालक’ असा रकाना. परत आला तेव्हा सगळ्या प्रमुखांनी सगळीकडे ‘आयटी’ लिहिलं होतं. आयटी प्रमुखांनी त्यावर काट मारून प्रत्येक ओळीत ‘संबंधित विभाग’ लिहिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

डेटा कॅटलॉगचं सॉफ्टवेअरही घेतलं. त्याने सगळे डेटाबेस चाळून हजारो रकान्यांची यादी काढली. प्रत्येकापुढे ‘वर्णन’ नावाची चौकट आहे. बहुतेक सगळ्या रिकाम्या.

धोरणाचा २६ पानी मसुदा मीच लिहिला. शेअर्ड फोल्डरमध्ये तो किती जणांनी उघडला ते दिसतं. एकाने. तो एक म्हणजे मी.

आणि रोजची कटकट वेगळीच. विक्रीकडून येणाऱ्या शीटमध्ये ग्राहक कोड ००४१७ असतो. कोणीतरी ती एक्सेलमध्ये उघडून जतन करतं आणि कोड ४१७ होतो. दोन याद्यांतले कोड जुळवणारं माझं व्हीलुकअप सूत्र तिथेच मान टाकतं. मग जुळत नाही म्हणून कोणीतरी ‘नवीन ग्राहक’ अशी नोंद घालून मोकळं होतं.

प्रश्न दोनच आहेत. मालक म्हणून नेमकं कोणाचं नाव घालायचं? आणि माझं पद या सगळ्या प्रमुखांच्या खालचं असताना ते त्यांच्या गळी उतरवायचं कसं?

उंटावरून :

आधी ती ४१ ओळींची यादी बाजूला ठेवा. एकच शब्द घ्या, ग्राहक. भांडण आधीच पेटलेलं आहे आणि एमडींनी ते डोळ्यांनी पाहिलंय. असा मुहूर्त पुन्हा येत नाही.

दुसरं, सगळ्यांची मिळून एकच व्याख्या करायचा हट्ट सोडा. आम्ही आठ महिने त्यात घालवले. तिघांनाही आपापला अर्थ कामासाठी खरोखर लागतो, म्हणून तीन अर्थांना तीन नावं द्या : ऑर्डर देणारा ग्राहक, बिल झालेला ग्राहक, सेवा घेणारा ग्राहक. नुसता ‘ग्राहक’ हा शब्द कुठल्याही रिपोर्टच्या शीर्षकात चालणार नाही, एवढा एकच नियम. गंमत बघा, नावं वेगळी झाली की मालकाचा प्रश्न निम्मा सुटतो. ‘बिल झालेला ग्राहक’ कोणाचा, हे वित्त प्रमुखांना विचारावंच लागत नाही.

आयटी मालक नाही. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे असते तो मालाचा मालक नसतो. आकडा चुकला तर ज्याचा निर्णय चुकतो आणि व्याख्या बदलायचा अधिकार ज्याला आहे, तो मालक. त्याच्या हाताखाली रोज नोंदी तपासणारा एक राखणदार हवा. तो बहुधा विभागात आधीच असतो, ज्याला सगळे ‘जरा बघ ना हे का जुळत नाही’ म्हणून फोन करतात. त्याला ते पद द्या आणि त्याच्या कामाच्या वेळेत ते तास अधिकृतपणे मोजा. नाहीतर दोन महिन्यांत तोही कानावर हात ठेवेल.

ताळेबंद :

मी बँकिंगमधला, त्यामुळे थोडं रडगाणं आमच्याकडचं. २००८च्या आर्थिक संकटात मोठमोठ्या बँकांना एखाद्या कर्जदाराकडे आपले एकूण किती पैसे अडकलेत हे पटकन सांगता येईना, कारण प्रत्येक विभागाची नोंद वेगळी. त्यातून बाझल समितीने (बँकांवरच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी समिती) जानेवारी २०१३ मध्ये जोखमीचा डेटा एकत्र करून कळवण्याबद्दल बीसीबीएस २३९ ही तत्त्वं काढली. एकूण १४, त्यातली ११ बँकांसाठी आणि ३ नियामकांसाठी. पहिलंच तत्त्व गव्हर्नन्सचं आहे आणि त्यात जबाबदारी संचालक मंडळ आणि वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकलीय, आयटीवर नाही. हे तुमच्या आयटी प्रमुखांना दाखवा, खूश होतील.

जागतिक महत्त्वाच्या बँकांना जानेवारी २०१६ची मुदत होती. २०२३च्या आढाव्यात ३१ पैकी २ बँका सगळी तत्त्वं पूर्णपणे पाळत होत्या. तेव्हा तीन महिन्यांत जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

खडूस कारकून :

उंटावरूनसाहेबांशी सहमत, पण व्याख्या लिहून काही होत नाही. आमच्याकडे सुंदर शब्दकोश होता, कोणी बघायचं नाही. फरक पडला तो एका दांडगाईने. ज्या आकड्याखाली मालकाचं नाव आणि व्याख्या नाही तो आकडा आढाव्याच्या स्लाइडवर घ्यायचाच नाही, असं ठरलं. पहिल्या महिन्यात सात स्लाइड कोऱ्या गेल्या. दुसऱ्या महिन्यात नावं आपोआप आली. तुमच्याकडे पद नाही, पण स्लाइड तुमच्या हातातून जातात ना? मग तुमच्याकडे बऱ्याच जणांपेक्षा जास्त अधिकार आहे. फक्त हे एमडींच्या सहीने करा, स्वतःच्या जिवावर नको.

आणि त्या शून्यांना किरकोळ समजू नका. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या, स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या फायलीत) यायचे आणि सरकारी आरोग्य संस्थेत एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरले जायचे. त्या प्रकारच्या शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला. पाठवणाऱ्यांनी बरोबर पाठवलं होतं. गळती झाली ती दोघांच्या मधल्या टप्प्यावर. तुमच्या ४१ ओळींत असे ‘मधले’ टप्पे किती आहेत ते मोजा. मालक नेमताना नेमके तेच विसरले जातात.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. तीन नावांची कल्पना घेऊन आधी वित्त प्रमुखांकडे गेलो. म्हणाले, ‘मग आमचा आकडा बरोबरच होता की.’ मी म्हटलं, होता, म्हणूनच खाली तुमचं नाव हवंय. दोन मिनिटं कागद उलटसुलट पाहिला आणि सही केली. सर्व्हिसच्या मॅडमनी चार पत्ते म्हणजे चार ग्राहक हे सोडायला नकार दिला, पण त्यांचं म्हणणं पटलं : इंजिनीअर पत्त्यावर जातो, कंपनीच्या नावावर नाही. म्हणून त्यांच्या मोजणीला ‘सेवास्थळ’ असं चौथं नाव दिलं. ते त्यांनीच सुचवलं आणि लगेच सहीसुद्धा केली.

विक्रीचं घोडं अडलंय. बिल झालेले ग्राहक कमी दिसले तर आपलं टार्गेट कापतील, अशी त्यांना भीती आहे. उघड बोलत नाहीत, ‘टिपण पाठवा, बघतो’ म्हणतात.

स्लाइडच्या नियमाबद्दल एमडींना मेल टाकलाय. तोवर त्या शून्यांचं काय करू?

उंटावरून :

विक्रीला दुसऱ्या विभागाची व्याख्या मान्य करायला सांगूच नका. टार्गेट ‘ऑर्डर देणाऱ्या’ ग्राहकांवरच राहील, एवढं एमडींकडून लेखी घेऊन द्या. मग सही करतील.

शून्यांसाठी : सीएसव्हीवर डबल क्लिक करून उघडायची नाही. डेटा आयात करताना कोडच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडायचा. १५ पेक्षा जास्त अंकांचे अनुक्रमांक असतील तर त्यांनाही हेच लागू, कारण एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, पुढे शून्यं भरतं. कायमचा उपाय म्हणजे नवीन कोडची सुरुवात अक्षराने करा. आणि ‘नवीन ग्राहक’ नोंदवायचं बटण विभागागणिक एकाच माणसाकडे ठेवा.

धागाकर्ता :

बटण सध्या ६३ जणांकडे आहे. आत्ताच मोजलं.