भुताचा गेम उभ्याने खेळायचा?

बोका_डोंबिवली (२० ऑगस्ट २०११)

मंडळी, सेगाचा 'राइज ऑफ नाइटमेअर्स' ६ सप्टेंबरला अमेरिकेत येतोय. कायनेक्टवरचा, म्हणजे एक्सबॉक्सच्या अंगाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवरचा, पहिलाच १७ वर्षांवरच्यांसाठीचा गेम. रोमेनियातली ट्रेन, पळवून नेलेली बायको, वेडा शास्त्रज्ञ. 'हाऊस ऑफ द डेड' काढणारी कंपनी, म्हणजे रक्ताला तोटा नसणार.

माझं घोडं चालण्यापाशी अडलंय. हातात बटणांचा पॅड नाही. एक पाय पुढे टाकून ठेवला की आतला माणूस चालतो, मागे घेतला की मागे सरकतो. वळायचं तर खांदे फिरवायचे, पण डोळे टीव्हीवरच. थोडक्यात, हॉलमध्ये मी गवळणीतल्या पेंद्यासारखा उभा. अशा अवतारात भीती कशी वाटणार? माझंच मला हसू येईल.

हॉल १० बाय १२. सेन्सरपासून सहा फूट तरी मागे उभं राहावं लागतं. टीपॉय बाल्कनीत नेला तरी पोटऱ्या दिवाणाला टेकतात. गेल्या महिन्यात तराफ्याच्या गेममध्ये चार उड्या मारल्या तर खालच्या काकू वर आल्या. "काय कुटताय एवढं?" मी बनियनवर, घामाघूम. काय सांगणार!

तरी घ्यावासा वाटतोय, हे खरं दुखणं. ट्रेलर सात-आठ वेळा बघून झालाय. आमचे गणपती पाच दिवसांचे, मखर ५ तारखेला निघतं, म्हणजे सहाला हॉल मोकळा. घेऊ का?

कंदील_विझला

घाई नको. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरचा 'सायलेंट हिल: शॅटर्ड मेमरीज' खेळलायस? रिमोट म्हणजे टॉर्च. मनगट जरा वळवलं की उजेड तिकडे. आणि फोन वाजला की आवाज रिमोटच्या स्पीकरमधून येतो, तो कानाला लावायचा. रात्री साडेबाराला कानाशी ती खरखर ऐक, मग बोलू. हे जमलं कारण टॉर्च आपण खरंच तसा धरतो. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना शिकवावं लागत नाही.

पण त्यातही ती भुतं अंगाला चिकटली की दोन्ही हातांनी झटकायची असतात. तिसऱ्या झटक्याला माशा हाकलल्यासारखं वाटतं. तुझ्या गेममध्ये अख्खा वेळ तेच असणार.

तात्या_३६०

उजवा हात वर धरला की माणूस आपोआप पुढच्या जागी चालत जातो, अशी सोय ठेवलीय म्हणे. पायाने चालणं लोकांना झेपेल याची बनवणाऱ्यांनाच खात्री नाही, असा मी अर्थ लावतो. माझा पास. स्वस्त झाला की बघू.

पिंगळा

घ्या हो. पंखा बंद ठेवा फक्त. बोट सुजलेलं आहे.

बोका_डोंबिवली

@कंदील, टॉर्चचं पटलं. पण मला हवंय ते उलटंच आहे. आजोळी लपंडावात मी मागल्या पडवीत शेणींच्या ढिगाआड बसायचो. मामेभाऊ कंदील घेऊन हातभरावर येऊन उभा राहायचा. मानेवर मुंगी चढतेय आणि हलायचं नाही! तेवढी भीती मला कुठल्या गेमने दाखवली नाही. सेन्सरला माझं हलणं दिसतं ना, मग न हलणंही दिसेलच की. त्यावर कोणी गेम का करत नाही?

कंदील_विझला (१२ डिसेंबर २०१५)

धागा वर काढतोय, बोक्यासाठी. 'अनटिल डॉन' बघ. २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ (पीएस३) वर मूव्ह कंट्रोलरसाठी, म्हणजे सोनीच्या हातात धरून हलवायच्या दांडीसाठी, जाहीर झाला होता. यंदा ऑगस्टमध्ये पीएस४ वर आला तो साध्या पॅडवर, मूव्ह गायब. पण एक गोष्ट ठेवलीय: मारेकरी जवळ आला की "हलू नका" असा हुकूम येतो आणि पॅड खरंच स्थिर धरावा लागतो. तुझी मुंगी!

बोका_डोंबिवली (३ जानेवारी २०१६)

तो नाइटमेअर्स तेव्हा घेतलाच होता. दोन रात्रींत उजवी मांडी भरून आली, मग एका मित्राच्या गळ्यात मारला.

हा मात्र परवा रात्री लावला. दिवाणावर बसून. पहिल्या "हलू नका"ला पॅड थरथरला तो माझ्याच नाडीने, शपथ. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून टीपॉयवर ठेवून दिला. चालतं तसं, पण भीती पार गेली, म्हणून पुन्हा हातात घेतला. तिसऱ्या वेळी श्वास रोखून बसलोय, आणि आतून मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी."

आमचा एक गडी गेला.