आयजीसीएसईचं गणित आणि ॲडिशनल मॅथ्स एकाच सत्रात द्यावं का?

नाशिकची आई: लेक चौदाची, सातवीपासून घरीच शिकते. पुढच्या मे-जूनला प्रायव्हेट कँडिडेट म्हणून, म्हणजे शाळेत नाव न घालता, आयजीसीएसईचं (केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा) गणित (विषय कोड ०५८०, एक्स्टेंडेड म्हणजे वरची पातळी) द्यायचं ठरलंय. आता तिला त्याच सत्रात ॲडिशनल मॅथ्सही (०६०६) द्यायचंय. टक्केवारी आणि नकाशाच्या स्केलची गणितं करून कंटाळली म्हणते. गणिताला रोज दीड तास मिळतो, संध्याकाळी कथक असतं. तिची हौस मोडवत नाही, पण एक ना धड असंही व्हायला नको. काय करू?

पुणे_बाबा: ताई, आधी केंद्र बघा. प्रायव्हेट मुलं घेणाऱ्या शाळा थोड्या, आणि त्यातली प्रत्येक ०६०६ घेईलच असं नाही. दोन्ही मिळून दोन-दोन तासांचे चार पेपर होतात.

निवृत्त गणित शिक्षक: ताई, हे दोन सुटे विषय नाहीत. ०५८० येतंच असं धरून ०६०६ सुरू होतं. पण तेवढ्यावरून नाही म्हणू नका. क्षेत्रफळ-घनफळ, सांख्यिकी, बेअरिंग हे ०५८० मध्येच राहतं. लॉगॅरिदम, रेडियन, द्विपद प्रमेय, इंटिग्रेशन ०६०६ मध्ये. वर्गसमीकरणं, फंक्शन, निर्देशक भूमिती दोन्हीकडे. म्हणजे कस लागतो तो बीजगणिताचा, आणि तिचा हात तिथे किती बसलाय हे तुम्हाला घरीच कळेल.

३/(२ − √५) याचा छेद परिमेय करायला द्या, कॅल्क्युलेटरशिवाय. वर-खाली (२ + √५) ने गुणणं बहुतेकांना जमतं. मुलं अडकतात ती पुढे: छेदात ४ − ५, म्हणजे उणे एक. ते चिन्ह वर दोन्ही पदांना लागून −६ − ३√५ यायला हवं. अशी पाच-सहा गणितं न अडखळता झाली, तर खुशाल दोन्ही घ्या. २०२५ पासून दोन्हीकडे एकेक पेपर कॅल्क्युलेटरविना आहे, तेव्हा ही तयारी वाया जात नाही.

हात बसला नसेल तर दिवाळीपर्यंत फक्त ०५८० चं बीजगणित, मग ०६०६. सांख्यिकी आणि घनफळ कथकच्या दिवशी ठेवा, त्याला डोकं कमी लागतं. आणि ०६०६ ऑक्टोबर-नोव्हेंबरला नेलं तरी काही बिघडत नाही.

नाशिकची आई: सर, आजच बसवलं. पहिल्यात चिन्ह एकाच पदाला लावलं. मी काही बोलले नाही; तिनेच दशांशात किंमत काढून पडताळलं आणि चूक धरली. पुढची चार बरोबर आली. दोन्ही सुरू करतो, ०६०६ चं सत्र दिवाळीनंतर ठरवू. बाबा, केंद्राला उद्याच फोन करते.

निवृत्त गणित शिक्षक: स्वतःहून पडताळलं ना, मग काळजी करू नका. दिवाळीत पुन्हा कळवा, तेव्हा लॉगॅरिदमची गणितं देतो.