आइसलंडला जमतं, मग साताऱ्याला का नाही? (हँडबॉल)

कोरेगावकर

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, सतरा वर्षं झाली. परवा नववीच्या पोरांकडून हँडबॉलचं, म्हणजे हातानं चेंडू फेकून गोल करायच्या खेळाचं, मैदान आखून घेत होतो. चाळीस बाय वीस मीटर, गोलपुढे सहा मीटरची वळणदार रेघ, तिच्यापुढे नऊ मीटरची तुटक रेघ. फक्की टाकता टाकता एकानं विचारलं, "सर, आपली इंडियाची टीम वर्ल्ड कपला गेलीय का कधी?" खरं ते सांगावं लागलं. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेला आपण एकदाही पात्र ठरलेलो नाही. २०२१ पासून तिथे चोवीसऐवजी बत्तीस संघ घेतात, तरीही नाही.

पोरांची तोंडं उतरली, म्हणून आइसलंडची गोष्ट सांगितली. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये या संघानं रौप्य आणलं. तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत होती. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं होती, सातारा जिल्ह्यात तीस लाख! त्या स्पर्धेत त्यांनी गटात जर्मनीला हरवलं, आणि जर्मनी तेव्हा विश्वविजेता होता. उपांत्य फेरीत स्पेनला ३६-३० नं हरवलं. अंतिम सामना फ्रान्सकडून २८-२३ असा हरले. देशाच्या इतिहासातलं सांघिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. तिथले लोक या संघाला ज्या नावानं हाक मारतात त्याचा अर्थ सरळ आहे, 'आमची पोरं'.

आता आपल्याकडे बघा. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. ललिता बाबर माणची, रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत. प्रवीण जाधव फलटणकडचा, तिरंदाजीत टोकियोला गेला. आदिती स्वामी, तीही तिरंदाज, २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. सगळी रत्नं, पण सगळी एकेकटी. मला वाटतं जिल्ह्यानं आता एक सांघिक खेळ मनावर घ्यावा, आणि तो हँडबॉल असावा. कबड्डीतली धडक, खो-खोतला वेग, दोन्ही आपल्या पोरांच्या अंगात आहे. चेंडू फेकणं तर शिकवावंही लागत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण उदाहरण चुकतंय.

एक तर लोकसंख्येचा हिशेब फसवा आहे. आइसलंडमध्ये हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, बाहेर वारा आणि बर्फ. पोरं हिवाळाभर हॉलमध्येच खेळणार. म्हणून तिथे लहान लहान गावांतही हॉल आहेत, आणि हँडबॉल हा हॉलचाच खेळ आहे. १९७२ ला म्युनिकला ऑलिंपिकमध्ये परत आला तोही हॉलमधला, सात जणांचा. १९३६ ला बर्लिनमध्ये जो मैदानी, अकरा जणांचा प्रकार झाला होता तो मागे पडला.

दुसरं, त्यांची कामगिरी पूर्ण वाचा. पहिली जागतिक स्पर्धा १९५८ ला खेळले. तेव्हापासून जागतिक स्पर्धेत एकही पदक नाही, सर्वांत वरचा क्रमांक पाचवा, १९९७ ला जपानात. १९९५ ला स्वतःच्या घरी भरवली, तर पहिल्या दहातही आले नाहीत. युरोपियन स्पर्धेत २०१० चं कांस्य आणि ऑलिंपिकचं ते रौप्य, एवढीच दोन पदकं. तिकडे डेन्मार्कनं २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ अशा लागोपाठ चार जागतिक स्पर्धा जिंकल्यात.

आणि जी पोरं चमकली ती जर्मनी-स्पेनच्या क्लबांत पगार घेऊन खेळून चमकली. रौप्य जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार ओलाफुर स्टेफान्सन तेव्हा स्पेनच्या स्यूदाद रेआल क्लबकडून खेळायचा. कोरेगावचा पोरगा दहावीनंतर कुठे जाणार, सांगा.

वाईकर

मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा. शिवाय उंचीचं काय? युरोपातले बॅक, म्हणजे लांबून फेकणारे खेळाडू बचावाच्या डोक्यावरून नऊ मीटरवरून फेकतात. आपल्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे. तालमी रिकाम्या पडायला लागल्यात, आधी त्या भरा. परका खेळ घेऊन पुन्हा शून्यापासून कशाला सुरुवात करायची?

मिरजेचा गोलकीपर

उंचीचा मुद्दा मला मान्य नाही. त्याच बीजिंगमध्ये, त्याच आइसलंडला गटात दक्षिण कोरियानं एका गोलनं हरवलं होतं. याच कोरियानं १९८८ ला सोलमध्ये रौप्य घेतलंय, समोर सोव्हिएत संघ होता. पायात वेग आणि चेंडूची झटपट फिरवाफिरव, यावर त्यांनी उंची झाकली. उंची हवीच, पण तेवढ्यावर दार बंद होत नाही.

आता माझं सांगतो. मी जिल्ह्याकडून गोलमध्ये उभा राहिलोय. हँडबॉलचा गोलकीपर फुटबॉलसारखा झेप घेत नाही. खालचा चेंडू आला की एक पाय आडवा सरकवत बसावं लागतं. लाकडी फरशीवर पाय सरकतो, मुरमावर सरकत नाही, सोलतो. माझ्या प्रत्येक ट्रॅकपँटची डावी मांडी फाटलेली असायची आणि खाली खपली. आई हळद लावायची, दुसऱ्या दिवशी सरावात ती परत उघडायची.

पण खरं नुकसान माझं नव्हतं, विंगवाल्यांचं होतं. विंगचा खेळाडू कोपऱ्यातून सहा मीटरच्या रेघेआधी उडी घेतो, हवेत आत शिरतो, कोन उघडला की फेकतो आणि मग आडवा पडतो. रेघेला पाय लागता कामा नये, पण चेंडू सुटल्यावर आत पडलं तर चालतं. आमची पोरं उडी मारायचीच नाहीत, कारण पडायचं कुठे? ढोपरं फुटायची. मग आमचा सगळा खेळ मधूनच. आम्ही पहिल्यांदा बाहेरगावी हॉलमध्ये खेळलो तेव्हा समोरच्यांच्या विंगनी माझ्यावर इतके गोल मारले की मी मोजणं सोडलं. ते शॉट मी आयुष्यात पाहिलेच नव्हते! अडवणार कसे?

कृष्णाकाठ, हॉलचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मग त्याचा निष्कर्ष 'खेळू नका' हा कसा? 'हॉल द्या' हा का नाही?

माणदेशी

मला दोन गोष्टी बोलायच्यात.

आपल्याकडे शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. संघ बनतो स्पर्धेच्या आधी दहा दिवस, कबड्डीतून उरलेली पोरं गोळा करून. सगळं लक्ष प्रमाणपत्रावर, कारण दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. पालकांना दोष देत नाही, माझ्या घरीही हेच बोलणं झालंय. पण प्रमाणपत्र हातात आलं की चेंडू कपाटात जातो, आणि अशा पोरांतून देशाचा संघ निवडायचा म्हणतो आपण.

दुसरं, सगळे पुरुषांच्या संघावर का अडलात? २०२२ ला अल्माटीत भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकलंय. पहिल्यांदाच. मग त्याच वर्षी जागतिक ज्युनियर स्पर्धेलाही गेल्या. सर, नववीच्या पोरांना आइसलंडआधी हे सांगायला हवं होतं.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, मुलींचं मान्य, मनापासून मान्य. मला ते आठवलं नाही याची लाज वाटते.

पण गोलकीपर, 'हॉल द्या' म्हणणं सोपं आहे. आमच्या भागात एका ठिकाणी बंदिस्त सभागृह झालं, त्यात लग्नसराईत मांडव पडतो आणि खेळाडूंना तारखा मिळत नाहीत. देशपातळीवर तर संघटनांचे वाद कोर्टापर्यंत गेले. पैसा ओतूनही होतं म्हणाल तर कतार बघा. २०१५ ला घरच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला आशियाई संघ, फ्रान्सशी २५-२२ असा हरला. पण त्यात निम्म्याहून जास्त खेळाडू दुसऱ्या देशांतून आणून नागरिक केलेले. २०१४ ते २०२४ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा सलग सहा वेळा त्यांनीच जिंकली. भारतानं सगळं नीट केलं तरी या भिंतीतून वाट काढायची आहे. खोटी आशा दाखवून पोरांची दहावी-बारावी घालवू नका, एवढंच कळकळीनं सांगतोय. मी माझ्या भाच्याला असं वाहवत जाताना पाहिलंय, वेगळ्या खेळात. चोविसाव्या वर्षी तो रिकाम्या हातानं घरी आला.

कोरेगावकर

भाच्याचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. उत्तर सुचलं नाही, म्हणून आज लिहितोय.

माणदेशी ताई, चूक झाली. आज पहिल्या तासाला अल्माटीचं सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोघी, ज्यांना मी मैदान आखायलाही बोलावलं नव्हतं, सुट्टीत येऊन चेंडू मागून गेल्या.

कृष्णाकाठ, हॉलशिवाय आइसलंड होत नाही, हे मान्य. पण त्यांच्याकडची एक गोष्ट हॉलपेक्षा मोठी वाटते मला, ती म्हणजे प्रशिक्षक. पॅरिसला २०२४ मध्ये रौप्य जिंकलेल्या जर्मनीचा प्रशिक्षक अल्फ्रेड गिस्लासन आइसलंडचा. २०२५ ला क्रोएशियाला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेणारा डागुर सिगुर्डसनही आइसलंडचाच. म्हणजे पदक दोनच, पण शिकवणारी माणसं एवढी की दुसऱ्या देशांना पुरतात. ती काही एका हिवाळ्यात तयार झाली नाहीत. २०२३ ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, पहिलंच वर्ष, आणि महाराष्ट्र आयर्नमेन जिंकले. टीव्हीवर पोरांनी पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना जंप शॉट, म्हणजे उडी मारून फेकणं, शिकवणारा मी एकटा, आणि मी मूळचा खो-खोचा. चेंडू हातात असताना तीनच पावलं आणि तीनच सेकंद, हा नियमसुद्धा मी पुस्तकातून शिकलो.

वाईकर, तालमीबद्दल तुमच्याशी भांडण नाहीच. माझा आजा तालमीतलाच.

गोलकीपर, तुम्हाला विनंती आहे. पडण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून आज गोलसमोरचा सहा मीटरचा भाग खणून तिथे नदीची वाळू टाकायचं ठरवलंय, वर जुन्या कुस्तीच्या गाद्या. पाऊस थांबला की पहिल्या रविवारी सकाळी सातला सुरू करू. दोन तास कोरेगावला याल का? विंगची उडी मला दाखवता येत नाही, आणि गोलमध्ये उभं राहायला एक पोरगी तयार आहे.

मिरजेचा गोलकीपर

येतो सर. गाद्यांच्या फटी दोरीनं घट्ट बांधून ठेवा, पाय अडकतो. आणि तिला पहिल्या दिवशी फुल ट्रॅकपँट घालून यायला सांगा.