एक्स५ घ्यावी की रॅव्ह४ हायब्रिड?

प्रेषक: मिलिंद, प्लेन्सबरो
प्रति: मंडळाची ईमेल यादी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

हॉलच्या भाड्याचा धागा चालू असताना मध्येच हे नको, म्हणून वेगळा विषय उघडतोय. आमची जुनी सेदान आता थकली. नवीन गाडी घ्यायचीच आहे, पण घरात दोन पक्ष पडलेत.

मला बीएमडब्ल्यू एक्स५ हवी आहे. इतकी वर्षं इथे घासल्यावर एकदा तरी, एवढंच कारण. सगळं धरून ७० हजार डॉलरच्या आसपास आकडा सांगताहेत. हिला टोयोटाची रॅव्ह४ हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) हवी, ती ४० च्या आत बसते. "उरलेल्या ३० हजारांत काय काय होईल" याची यादी फ्रिजवर लागलीसुद्धा.

वर्षाला १२ हजार मैल होतात. आम्ही गाडी आठ-दहा वर्षं काढतो. मार्चमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, आईचे गुडघे दुखतात. लेक पुढच्या वर्षी गाडी शिकायचं परमिट काढेल. गॅसच्या (म्हणजे पेट्रोलच्या) बचतीचं गणित कोणी मांडून दिलं तर एका पक्षाला शांत करता येईल. कुठल्या, ते विचारू नका.

मिलिंद

---

प्रेषक: अनिरुद्ध, ब्रिजवॉटर

मिलिंद,

गॅसचं गणित आधी उरकून टाकू, त्यात फारसा दम नाही. एक्स५ चं सहा सिलिंडरवालं मॉडेल शहर-हायवे मिळून गॅलनला २५ मैल देतं आणि त्याला महागातलं प्रीमियम पेट्रोल लागतं. रॅव्ह४ हायब्रिडला ४० धर, साधं रेग्युलर चालतं. तुझ्या १२ हजार मैलांना एकीला ४८० गॅलन, दुसरीला ३००. प्रीमियम ४ डॉलर आणि रेग्युलर ३.२० धरलं तर १,९२० विरुद्ध ९६०. बरोबर निम्मं, ऐकायला छान वाटतं. पण वर्षाचे ९६० डॉलर म्हणजे महिन्याला ८०. किमतीतला ३० हजारांचा फरक यातून भरून काढायचा तर तीसेक वर्षं लागतील, तेव्हा गॅस वाचतो म्हणून हायब्रिड असं वहिनींनाही म्हणू देऊ नकोस. त्यांच्याकडे याहून चांगली कारणं आहेत.

पहिलं कारण तू स्वतःच लिहिलं आहेस, आठ-दहा वर्षं. बीएमडब्ल्यूची वॉरंटी ४ वर्षं किंवा ५० हजार मैल. पहिली ३ वर्षं किंवा ३६ हजार मैल ठरलेला मेंटेनन्सही फुकट. तोपर्यंत राजेशाही. तुझ्या वापराने चौथ्या वर्षाअखेर वॉरंटी संपणार, आणि गाडी तर तुला अजून तेवढीच वर्षं वापरायची आहे. खरा खर्च तिथून पुढे. इंजिन वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही, तो सहा सिलिंडर दणकट आहे. पण त्याच्या आजूबाजूला प्लास्टिकचे कूलिंगचे भाग, गॅस्केटं, सेन्सर, हवं असल्यास एअर सस्पेन्शन असा बराच पसारा असतो. दर तासाला मजुरी किती ते सर्व्हिस काउंटरवर आधीच विचारून ये.

टायरकडेही बघ. २१ इंची चाकं घेतलीस तर पुढचे टायर २७५ मिलिमीटर रुंद आणि मागचे ३१५. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे करून झीज सारखी करता येत नाही. बऱ्याच एक्स५ वर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर) असतात, ते महाग. रॅव्ह४ च्या सगळ्यात साध्या मॉडेलला १७ इंची चाकं होती. टायरची भिंत जाड असली की आपल्याकडच्या फेब्रुवारीतल्या खड्ड्यांत रिम वाचते. शोरूममध्ये चाक जेवढं मोठं तेवढं छान दिसतं आणि खड्ड्यात तेवढं महाग पडतं.

आता हायब्रिड. लोकांना वाटतं दोन इंजिनं म्हणजे दुप्पट कटकट. टोयोटाच्या पद्धतीत उलट आहे. गिअरबॉक्सच्या जागी प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर. त्यात पट्टा नाही, क्लच नाही. वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. गाडी हळू करताना मोटरच ब्रेक लावते आणि वीज परत भरते, म्हणून ब्रेकपॅड खूप टिकतात. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांना स्वतःची मोटर असते, पुढून मागे जाणारा शाफ्टच नाही. ही मूळ रचना टोयोटाच्याच १९९७ च्या प्रियस गाडीपासून चालत आली आहे, टॅक्सीवाल्यांनी पिळून पिळून तपासलेली. हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा १,५०,००० मैल वॉरंटी आहे. बॅटरी गेली तर काय, हा दर पार्टीत येणारा प्रश्न तुझ्या दहा वर्षांत तरी टोयोटाचा आहे, तुझा नाही.

दोष नाहीत असं नाही. २०१९ नंतरच्या काही रॅव्ह४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या जोडाला बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंज चढत होता. कॅनडात खूप ओरड झाली आणि टोयोटाने त्या भागाची वॉरंटी वाढवून दिली. वापरलेली घेणार असशील तर तेवढं खालून बघून घे. थंडीत मायलेज पडतं, कारण हीटरसाठी इंजिन चालू राहतं. आणि एक घरगुती गोष्ट: माझ्या २०२० च्या गाडीत बॅटरीला गार हवा देणारी जाळी मागच्या सीटच्या खाली, पायांच्या बाजूला आहे. तिच्यामागे फिल्टर असतो. माझा काढला तेव्हा त्यात चिवड्यातले पोहे, कढीपत्ता आणि कुत्र्याचे केस यांचा नमदा झाला होता. धुऊन परत बसवला. तिथे पिशव्या कोंबायच्या नाहीत, बस.

अनिरुद्ध

---

प्रेषक: शुभदा, वेस्ट विंडसर

अनिरुद्धदा, गणित पटलं, पण एका गोष्टीवर तुम्ही काहीच बोलला नाहीत. आवाज.

मी नवऱ्याची हायब्रिड वर्षभर चालवली. गावात, सिग्नल-टू-सिग्नल, स्वर्ग. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, चढताना ट्रकच्या पुढे जायला पाय दाबला की इंजिन एका पट्टीत जो सूर धरतं, तो गाडी वेगात येईपर्यंत सोडत नाही. मिक्सरमध्ये खोबरं वाटल्यासारखं. त्यात टायरचा आवाज आत येतो. मला रोज जर्सी सिटीला जाऊन यायचं असतं, फोनवर मीटिंगा चालू. घरी पोहोचेपर्यंत डोकं भणभणायचं.

आता माझ्याकडे लक्झरी गाडी आहे, लीजवर (ठरावीक वर्षांच्या भाड्यावर). सीट पाठीला धरते, काचा दुहेरी आहेत, ८० वर गेलेलं कळतही नाही (हे यादीवर लिहायला नको होतं). दिवसाचे तीन तास गाडीत जात असतील तर ते ३० हजार दिखाव्याचे नाहीत. पण मिलिंददा, तुम्ही तर घरून काम करता ना? मग ती शांतता कुणासाठी विकत घेताय?

आणि घ्यायचीच असेल तर लीज करा. तीन वर्षं वापरायची, वॉरंटीत असतानाच किल्ली परत द्यायची. दहा वर्षं ठेवायची गाडी वेगळी, मिरवायची वेगळी.

शुभदा

---

प्रेषक: हेमंत, एडिसन

शुभदाताईंना अनुमोदन. माझ्याकडे एक लक्झरी एसयूव्ही होती, कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटी संपली आणि खालून तेल ठिबकायला लागलं. गॅस्केट स्वस्त, पण तिथवर हात पोहोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात आपण दोघं पुण्याला जाऊन आलो असतो.

पुण्यात मेव्हण्याने हायराइडर हायब्रिड घेतली आहे. तो लिटरला किती किलोमीटर मिळाले ते दर रविवारी फॅमिली ग्रुपवर टाकतो. हायब्रिडवाल्यांचा हा रोग मात्र लक्षात ठेवा.

---

प्रेषक: प्रसाद, प्रिन्स्टन जंक्शन

टॅक्सबद्दल कोणी विचारलं नाही, पण पुढच्या मेलमध्ये कोणीतरी "६,००० पौंडांची आयडिया" सांगणारच, म्हणून आधीच लिहितो.

भरलेल्या गाडीचं कमाल अधिकृत वजन ६,००० पौंडांच्या वर असेल तर धंद्यासाठी घेतलेल्या गाडीची मोठी वजावट पहिल्याच वर्षी मिळू शकते. एक्स५ त्यात बसते, रॅव्ह४ बसत नाही. पण धंद्याचा वापर निम्म्याहून जास्त हवा आणि मैलांची नोंदवही हवी. मिलिंद पगारदार आहे. मुलीला भरतनाट्यमला सोडणं हा धंदा नाही.

दुसरं, २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी नवीन गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १० हजारांपर्यंत वजा करता येतं. अट अशी की गाडीची शेवटची जोडणी अमेरिकेत झालेली हवी, लीज चालत नाही. गंमत म्हणजे एक्स५ साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्गला बनते, म्हणून ती पात्र. रॅव्ह४ बऱ्याचदा कॅनडातल्या ओंटारिओहून किंवा जपानहून येते, ती नाही. चेसिस नंबरचा पहिला आकडा बघा: १, ४, ५ असेल तर अमेरिका, २ असेल तर कॅनडा, इंग्रजी जे असेल तर जपान.

पण हुरळून जाऊ नका. समजा पहिल्या वर्षी ४ हजार व्याज भरलं. कराच्या २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये ८८० डॉलर वाचतील. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न २ लाखांच्या वर गेलं की दर हजारामागे वजावट २०० ने कमी होते. म्हणजे २ लाख २० हजार उत्पन्नाला ही ४ हजारांची वजावट साफ गेली. या यादीवर दोन पगारांची किती घरं आहेत ते तुम्हीच मोजा.

हायब्रिडला टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात थेट सूट, मिळतं असं अजूनही लोक सांगतात. साध्या, प्लग नसलेल्या हायब्रिडला ते अलीकडच्या वर्षांत नव्हतंच, आणि बाकीच्यांचंही ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के दोन्हीवर, आणि ४५ हजारांच्या वरच्या गाडीला वर ०.४ टक्के लक्झरी अधिभार. ७० हजारांवर २८० डॉलर. मंडळाची पाच वर्षांची वर्गणी भरून होईल.

प्रसाद

---

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

प्रसाद, वर्गणीची आठवण काढल्याबद्दल आभारी आहे. भरली नसलेल्यांनी यातून बोध घ्यावा. डीलरशिपची नावं आणि ओळखीच्या सेल्समनचे फोन नंबर यादीवर टाकू नयेत, व्यक्तिगत पाठवावेत.

---

प्रेषक: कुसुमकाकू, एडिसन

चि. मिलिंद,

तू आईच्या गुडघ्यांचं लिहिलंस आणि नंतर सगळे इंजिनात शिरले. गुडघेदुखीवाल्यांच्या वतीने मी लिहिते.

गाडी उंच हवी की बुटकी हा प्रश्नच नाही. आम्ही पाठमोरं होऊन आधी बसतो आणि मग पाय आत घेतो. त्यासाठी सीट आमच्या मांडीच्या मागे टेकेल एवढ्या उंचीची लागते. सेदानमध्ये विहिरीत उतरावं लागतं. फार उंच एसयूव्हीत चढावं लागतं, आणि बाजूला पायरी लावली की ती पोटरीला अडते. दाराखालचा उंबरा रुंद असेल तर तिथला मिठाचा चिखल साडीला लागतोच लागतो. दार किती उघडतं ते पाहा, वर धरायला कडी आहे का ते पाहा, आणि पाय आत घेताना पुढच्या सीटखाली जागा आहे का ते पाहा. आमच्या थोरल्याच्या मोठ्या गाडीत मला दोन्ही हातांनी पाय उचलून आत ठेवावा लागतो. धाकट्याच्या छोट्या एसयूव्हीत माझी मी बसते. मागच्या सीटला हीटर मात्र घे, पैसे गेले तरी चालतील.

सामानाचं म्हणशील तर मला वाटायचं मोठ्या गाडीत जास्त मावतं. गणपतीत धाकट्याच्या गाडीत ढोल, पाट आणि मोदकांचे ट्रे बसले. थोरल्याच्या गाडीत ट्रे मांडीवर घ्यावे लागले.

काकू

---

प्रेषक: अनिरुद्ध, ब्रिजवॉटर

काकूंचं निरीक्षण कागदावरही खरं आहे. मागची सीट उभी ठेवून रॅव्ह४ मध्ये ३७ घनफुटांच्या वर जागा, एक्स५ मध्ये ३४ च्या आत. लेक्ससची आरएक्स तर ३० च्याही आत, मागची काच तिरकी असल्यामुळे. एक्स५ चं मागचं दार दोन तुकड्यांत उघडतं आणि खालच्या फळीवर बसून पार्किंगमध्ये वडापाव खाता येतो, हा तिच्या बाजूचा मुद्दा मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

मिलिंद, मधली वाट पाहिजे असेल तर लेक्सस एनएक्स हायब्रिड एकदा चालवून बघ. सांगाडा रॅव्ह४ च्याच घराण्यातला, आत शांतता जास्त, ओंटारिओत बनते. आणि टोयोटाकडे गेलास तर साधी पेट्रोल रॅव्ह४ मागू नकोस. २०२६ च्या मॉडेलपासून हायब्रिड किंवा प्लग-इन (चार्जर लावायची हायब्रिड) एवढंच मिळतं. म्हणजे तुमच्या घरातला अर्धा वाद टोयोटानेच मिटवला आहे.

---

प्रेषक: मिलिंद, प्लेन्सबरो

मंडळी, मनापासून आभार. हिने अनिरुद्धदाचा गॅसवाला परिच्छेद सोडून बाकी सगळं प्रिंट करून फ्रिजवर लावलं आहे.

शुभदाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी आठवड्यातून एकदा ऑफिसला जातो, तेही ट्रेनने. स्टेशनच्या पार्किंगमध्ये एक्स५ उभी करून ठेवायची आणि तिची आठवण काढत ट्रेनमध्ये बसायचं, याला ७० हजार जास्त होतात. लीजचं मात्र डोक्यात बसलंय. लेक कॉलेजला गेली की तीन वर्षांसाठी एक्स५, तोवर हायब्रिड. लेक तिच्यावरच शिकेल, ओरखडेही तिलाच पडतील.

रॅव्ह४ आणि एनएक्स दोन्ही चालवून बघणार आहे. काकू, आई मार्चशिवाय येत नाही आणि गाडी त्याआधी घ्यायची आहे. तुम्ही येऊन मागे बसून बघाल का? रविवारी दुपारी घ्यायला येतो.

मिलिंद

---

प्रेषक: कुसुमकाकू, एडिसन

येईन की. पण एवढी वर्षं न्यू जर्सीत राहून तुला माहीत नाही? रविवारी इथे गाड्यांची विक्री बंद असते, कायदाच आहे. शनिवारी अकराला ये. मी साडी नेसूनच येते, म्हणजे उंबऱ्याचं तिथल्या तिथे कळेल.