जीरावनचं पान गुगलवर दिसतं, ऑर्डर येत नाही: मजकुरात काय बदलू?

रामबाग_मसाले (इंदूर)
मसाल्यांची छोटी साइट आहे, माल इंदूरहून कुरियरने जातो. जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, त्याच्या पानावर इतकंच लिहिलंय: "इंदूरच्या मातीतली अस्सल चव! परंपरा, शुद्धता आणि विश्वास यांचा संगम. आजच मागवा!" खाली फोटो, किंमत, बटण. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन) इम्प्रेशन, म्हणजे शोधात पान दिसल्याचे आकडे, बरे आहेत, क्लिक नगण्य. येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, आणि तेही न घेता जातात. किती शब्द लिहावेत? कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) किती वेळा यावा? मराठी ठेवू की हिंदी?

शाईदौत
ताई, शब्द मोजायचा नाद सोडा. गुगलची अशी काही किमान शब्दसंख्या नाही. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) तर गुगल निकालांचा क्रम लावताना बघतच नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. एकच शब्द दहादा कोंबणं त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतं.

तुमची तिन्ही वाक्यं हळदीच्या नाहीतर अगरबत्तीच्या पानावर जशीच्या तशी खपतील. मालाचं नाव झाकून वाचा. दुसऱ्या कशालाही लागू पडणारं वाक्य खोडा.

खरी गोम वेगळीच आहे. इंदुरात जीरावन काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही, पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला मुळात तो शब्दच माहीत नसतो. तो शोधतो "इंदूरी पोह्यांवर टाकतात तो मसाला". सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा, हे एकच पान निवडा, क्वेरीज (लोकांनी शोधलेले शब्द) बघा. १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक शून्य अशा ओळी आधी काढा. लोकांनी तिथे जे शब्द टाइप केलेत तेच शीर्षकात घ्या: "जीरावन: इंदूरी पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, १०० ग्रॅम". महत्त्वाचं आधी, कारण मोबाइलवर शेपूट कापली जाते.

त्याखालचा परिच्छेद साधारण असा हवा:

"जीरावन भाजीत शिजवत नाहीत, वरून भुरभुरतात. फोडणीत टाकलं तर करपतं. आत जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, लाल तिखट. एका प्लेटला पाव चमचा पुरे. काळं मीठ असल्यामुळे पोह्यांत मीठ थोडं हात राखून घाला. थंडीत तळलेल्या गराडूवर लिंबाबरोबर हेच टाकतात."

(घटक अर्थात तुमच्या पाकिटाप्रमाणे.) गुगल बरेचदा मेटा डिस्क्रिप्शन (शोधनिकालासाठी आपण दिलेलं पानाचं वर्णन) बाजूला ठेवून पानातलीच वाक्यं दाखवतं, म्हणून पहिली दोन वाक्यं एकटी वाचली तरी कळायला हवीत.

बटणाच्या अगदी जवळ निव्वळ वजन, किती महिने टिकतं, किती दिवसांत पोचेल, कुरियरचा खर्च आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर. कुरियरचे पैसे शेवटच्या पायरीवर कळले की माणूस तिथूनच परततो.

तोपखाना_गल्ली
बाकी पटलं, पण "अस्सल" सरसकट खोडायला माझा विरोध. गिऱ्हाइकाला थोडं कौतुक ऐकायलाही आवडतं. फक्त त्याला पुरावा जोडा: जिरं भाजून दळलंय का, दळल्याचा महिना कोणता. आणि मराठी-हिंदी एकाच पानावर कालवू नका. दोन पानं, दोन वेबपत्ते, एकमेकांना एचरेफलँगने (hreflang, कोणतं पान कोणत्या भाषेचं हे गुगलला सांगणारी कोडमधली खूण) जोडलेली. मशीनने केलेलं भाषांतर न वाचता चढवू नका. "भुरभुरायचा" चं काय होईल सांगता येत नाही.

रामबाग_मसाले (इंदूर)
आभार. पाकिटावरचा मजकूर छापखान्याच्या फाइलमधून कॉपी केला तर भलतीच अक्षरं उमटतात, म्हणून पाकिटाचा फोटोच लावलाय. शिवाय व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते.

बाइट_बडीशेप
फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असणार. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) करून घ्या आणि नंतर डोळ्यांनी तपासा: रफार, पहिली वेलांटी आणि "ऱ्या" इथेच हमखास घोटाळा होतो. फोटोतल्या अक्षरांवर विसंबू नका. ती सहज कॉपी होत नाहीत, छोट्या स्क्रीनवर वाचता येत नाहीत.

लिंकचं म्हणाल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (वेबवर अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो. "जीरावन" म्हणजे काना-वेलांटी धरून ६ चिन्हं, झाली ५४ अक्षरं. पत्ता रोमनमध्ये ठेवा, मजकूर खुशाल मराठीत. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारं ३०१ रीडायरेक्ट विसरू नका, नाहीतर आधी वाटलेल्या लिंक मेल्या समजा.

एसएमएस पाठवत असाल तर देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं, लांबला की प्रत्येक तुकडा ६७ चा. इंग्रजीत १६०, पण त्यात रुपयाचं चिन्ह घातलं की तोही ७० वर येतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं.

शाईदौत
एक राहिलंच. "गॅस घालवतो, शुगर आटोक्यात ठेवतो" असलं काही लिहू नका. रोग बरा करण्याचे दावे खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत चालत नाहीत. आणि शीर्षक, फोटो, किंमत एकाच दिवशी बदलू नका. आधी शीर्षक आणि पहिला परिच्छेद, मग २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना. क्लिक वाढले पण ऑर्डर नाही, तर बटणाजवळच्या ओळी बघा. मधे दिवाळी आली तर ते आकडे धरू नका.